हाडवैद्याचा धाकटा

त्या विद्यापीठात हाडवैद्य म्हटलं की वैद्यकीयच्या मुलांना सुतार आठवे. खुर्चीचा पाय निखळो, दाराची बिजागरी तुटो, नाहीतर वर्गातला सांगाडा स्टँडसकट कोसळो, तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत जायचं आणि हाक मारायची. आत एक माणूस चष्मा कपाळावर चढवून बसलेला असे. तो मोडलेली वस्तू हातात घेई, इकडून तिकडून फिरवून बघे आणि "कुणी मोडलं?" असं विचारी. उत्तर ऐकल्याशिवाय दुरुस्तीला हात लावत नसे. कुठल्यातरी टवाळ पोरांनी त्याला हाडवैद्य म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

इमारत दगडी, तीन मजली, दीडशे वर्षांची. एकतीस वर्षं तिची सगळी हाडं आपल्या हातात आहेत, असं तो म्हणे. ते खोटं नव्हतं, फक्त तो ते जरा जास्त वेळा म्हणे.

मग एके वर्षी ठरलं की ही इमारत आतून नवी करायची. जुन्या वर्गांच्या जागी प्रयोगशाळा येणार होत्या. तिथे कूर्चा वाढवणार, कृत्रिम हात बनवणार, आणि डॉक्टर नि इंजिनिअर होणारी मुलं एकाच टेबलाशी बसून शिकणार. पहिल्या मजल्यावरचा पायऱ्यांचा हॉल मात्र होता तसाच ठेवायचा होता. अर्धगोल चढत गेलेल्या नऊ रांगा, प्रत्येक रांगेत बसायच्या चोवीस फळ्या, आणि खाली मधोमध ते टेबल, ज्याच्याभोवती दीडशे वर्षं पोरांनी पहिल्यांदा प्रेत बघितलं आणि त्यातल्या काहींनी तिथेच डोळे फिरवले. त्या रांगांखालून नव्या तारा, पाइप नि हवेचे बोगदे जाणार होते. म्हणजे सगळं लाकूड उतरवायचं, खालचं काम होऊ द्यायचं आणि मग फळी अन् फळी जागच्या जागी परत बसवायची.

हे काम आपलंच, असं हाडवैद्यानं धरून चाललं. त्यानं पटाशा घासून ठेवल्या, रंध्याचं पातं बदललं आणि बायकोला सांगून टाकलं, "आता वर्षभर घरी लवकर येणं जमायचं नाही." आणि मग बातमी आली की जुन्या लाकडाचा तज्ज्ञ बाहेरून येणार आहे. तज्ज्ञ आला, गाडीतून उतरला आणि थेट जिन्याखालच्या खोलीत येऊन वाकून पाया पडला. तो हाडवैद्याचा सख्खा धाकटा भाऊ होता.

आता भावाचं नाव झालं म्हटल्यावर छाती फुगायला हवी. ती काही फुगली नाही. पोटात मात्र दुखायला लागलं आणि पुढचे सात महिने थांबलं नाही.

धाकटा बारा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, तेव्हा त्याच्या हातात पटाशी दिली ती दादानं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याला सांधा शिकवला, खाच शिकवली, चुकला तेव्हा बोटांवर पट्टी मारली. पुढे तो दूरच्या शहरात गेला, जुन्या इमारतींचं लाकूडकाम शिकला, अठरा वर्षांत कुठले कुठले घुमट नि जिने त्यानं उभे केले. घरी फोन यायचा, फोटो यायचे. हाडवैद्य फोटो बघून म्हणे, "सांधा जरा ढिला दिसतोय." फोटोत सांधा दिसतच नसे.

कामाच्या पहिल्या दिवशी दारात हेल्मेटं वाटली. धाकट्याला पांढरं, वर त्याचं नाव छापलेलं. हाडवैद्याला पिवळं, आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं 'अभ्यागत'. एकतीस वर्षं ज्या दाराचं कुलूप त्यानं उघडलं नि लावलं, त्याच दारात तो पाहुणा झाला. हेल्मेट वाटणाऱ्या पोरीला काय माहीत? तिनं नियमाप्रमाणे दिलं. पण रागाला नियम कुठे कळतात?

"पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय," तो घरी येऊन म्हणाला.

"अहो, पण भावोजी काय परके आहेत का?" बायको म्हणाली. "तुम्हीच पिकवलंत की त्यांना."

"मग गुरूची विद्या गुरूला फळली म्हण."

"मी काही म्हणत नाही. तुम्ही जेवा. तुमचा चेहरा बघून वरणसुद्धा आंबायचं."

सगळ्यात जास्त लागलं ते मॅडमचं. मॅडम म्हणजे नव्या विभागाच्या प्रमुख, कृत्रिम हातावर काम करणाऱ्या. पूर्वी त्या याच हाडवैद्याच्या खोलीत स्टुलावर बसून चहा घेत. बोटाचा सांधा कसा वळतो हे त्याला समजावत, आणि पेटीच्या झाकणाची बिजागरी कशी वळते हे त्याच्याकडून समजून घेत. "तुम्ही नसाल तर ही इमारत लंगडी," असं एकदा म्हणाल्या होत्या. ते वाक्य त्यानं जपून ठेवलं होतं. आता मॅडम धाकट्याबरोबर हॉलभर फिरत, आणि हाडवैद्य दाराशी उगाच कडी तपासत उभा राही. ती कडी त्या महिन्यात अकरा वेळा तपासून झाली.

धाकट्यानं खालच्या दोन रांगा उतरवल्या त्या दिवसाची गोष्ट. हाडवैद्य दाराशी होताच. धाकटा हात पुसत आला आणि त्याच्याशेजारी उकिडवा बसला.

"दादा, एक विचारू?"

"विचार. तज्ज्ञांनी मला विचारायचं म्हणजे नवलच."

धाकटा हसला. त्याला दादाचे टोमणे लहानपणापासून सवयीचे होते. "आर्किटेक्ट म्हणतायत, जुन्या लाकडाला शक्यतो नवा ओरखडा नको. खुणा करू नका, प्रत्येक फळीच्या खालून नंबराचं स्टिकर लावा. मला काही ते पटत नाही. पण तू इतकी वर्षं या फळ्यांखाली सरपटलायस. टिकतील का रे स्टिकरं?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी हाडवैद्याखेरीज कुणालाच माहीत नव्हती. दर मोठ्या सुटीत तो या रांगांखाली पाठीवर झोपून शिरे आणि प्रत्येक फळीला खालून जवसाचं तेल चोळे. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. एकतीस सुट्या लाकूड तेल पीत होतं. वरून हात लावला तर कोरडं लागे. पण उतरवलेलं लाकूड आधी तळघरात गरम हवेच्या तंबूत जाणार होतं, आतली कीड मारायला. गरम झालं की ते तेल घामासारखं बाहेर येणार आणि त्यावर कुठलाही गोंद टिकणार नाही, हे तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता.

जिभेवर आलंही होतं, "वेडा आहेस का, तेल आहे त्यात." पण तेवढ्यात मॅडम आल्या. त्या धाकट्याला म्हणाल्या, "तुमच्यासारखा माणूस आम्हाला आधीच मिळायला हवा होता." आणि वळून, अगदी मायेनं, हाडवैद्याला म्हणाल्या, "काका, तुम्ही हेल्मेट घाला हं. पाहुण्यांना इथे त्याशिवाय उभं राहू देत नाहीत."

मॅडम गेल्या. धाकटा अजून उत्तराची वाट बघत होता.

"टिकतील की," हाडवैद्य म्हणाला. "न टिकायला काय झालं?"

"नक्की?"

"एकतीस वर्षं इथेच आहे मी."

हे दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून पहिलंही खरं वाटलं. धाकट्यानं मान डोलावली, उठला आणि कामाला लागला.

पुढचे पंधरा दिवस हाडवैद्याचं खाण्यात लक्ष नव्हतं. खाई त्याला खवखवे. रोज सकाळी त्याला वाटे, आज सांगून टाकू. रोज धाकट्याचं ते पांढरं हेल्मेट दिसे आणि तो ठरवे, उद्या बघू. फळ्या तळघरात गेल्या. तंबू गरम झाला. चौथ्या दिवशी तो उघडला, तेव्हा फळ्या घामेजून चकचकत होत्या आणि सगळी स्टिकरं खाली जमिनीवर पडली होती. काही एकमेकांनाच चिकटली होती.

फळी कुठेही बसवून चालणार नव्हतं. तो अर्धगोल जुन्या गवंड्यांनी काढलेला. उजवीकडची भिंत जराशी पोटात फुगलेली, म्हणून त्या काळच्या सुतारांनी एकेक फळी तिच्या जागेवर बेतून कापलेली. इकडची तिकडे घातली की कुठे बोटभर फट, तर कुठे शिरतच नाही. फोटो होते, पण त्यांत पुढच्या रांगेच्या पाठींनी मागच्या फळ्या झाकलेल्या. वरून सगळ्या सारख्याच. उद्घाटनाची तारीख छापून झाली होती.

तळघरात सगळे जमले. स्टिकरं कुणी सुचवली याची चर्चा निघाली, तेव्हा आर्किटेक्टला छतातली ओल तपासायची आठवण झाली. मॅडमचा आवाज चढला.

"चूक माझी," धाकटा म्हणाला. "खूण मी करायला हवी होती."

हाडवैद्य खांबाआड उभा होता. खोटं कशाला बोलायचं, त्याला गुदगुल्या झाल्या. त्या संध्याकाळी तो घरी दोनदा भात मागून जेवला.

"आज काय विशेष?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. उंटावरचे शहाणे जमिनीवर आले."

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः जिन्याखालच्या खोलीत आल्या. स्टूल पुसलेलं नव्हतं तरी बसल्या. "काका, त्या फळ्या तुम्हाला ओळखता येतील का?" त्यानं चष्मा पुसला, पटाशी जागेवर ठेवली आणि ऐकू आलं नाही असं दाखवून त्यांना दुसऱ्यांदा विचारायला लावलं. मग म्हणाला, "बघू."

तळघरात त्यानं पहिली फळी उचलली, उलटी केली आणि अंगठा फिरवला. "सातवी रांग, डावीकडून अकरावी. इथे माझी खुंटी आहे, सागाची नव्हती म्हणून बाभळीची मारली होती." दुसरी घेतली. "ही पाचवीतली. हिच्यावर बसलं की करकरायची, परीक्षेत पोरं हिच्यावर बसायला घाबरायची." तिसरीखाली जुनं च्युइंगगम दगडासारखं झालेलं होतं, ते कुठल्या बॅचचं हेही त्यानं सांगितलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

रांगांखालचं तारा-पाइपांचं काम उरकायला काही महिने गेले. मग बावीस दिवस तो हॉलचा राजा होता. वरच्या रांगेपासून खाली एकेक फळी त्यानं बसवत आणली. धाकटा ओझी उचले, स्क्रू धरी आणि "हो दादा" म्हणे. आठवड्याभरात पांढरं हेल्मेट आलं, वर नाव छापलेलं. ते घालून हाडवैद्य बसस्टॉपपर्यंत गेला. एकदा मॅडम त्याच्याजवळ हळूच म्हणाल्या, "पुढे ग्रंथालयाचं काम तुमच्या भावाला द्यायचं ठरलं होतं. आता समितीत प्रश्न निघालाय. इतकी साधी चूक... तुम्हाला काय वाटतं?"

"विचार करावा लागेल खरा," हाडवैद्य म्हणाला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

खालच्या दोनच रांगा राहिल्या, तेव्हा धाकटा म्हणाला, "दादा, या दोन मी लावतो. त्यांचं काही अडलेलं नाही. तू जरा बस."

हाडवैद्याच्या डोक्यात लगेच किडा वळवळला. खालच्या दोन! म्हणजे अगदी समोरच्या, आत येणाऱ्याला पहिल्या दिसतात त्या! घाम गाळायचा आम्ही आणि दर्शनी भाग यानं लावायचा! तो त्या वेगळ्या रचलेल्या ढिगाकडे गेला, वरची फळी ओढली आणि उलटी केली.

खालच्या अंगाला, डाव्या टोकाशी, पटाशीनं कोरलेल्या बारीक चिरा होत्या. दोन उभ्या, म्हणजे दुसरी रांग. मग एक फुली, म्हणजे पाच, आणि तीन तिरक्या, म्हणजे आठवी जागा. त्यानं दुसरी फळी उलटली, मग तिसरी. सगळ्यांवर तेच. ही खुणेची रीत जगात दुसऱ्या कुणाची नव्हती. ती त्यानं स्वतः, विशीत असताना, घरामागच्या शेडमध्ये बसवली होती आणि आठ वर्षांच्या एका पोराच्या बोटांवर पट्टी मारून शिकवली होती. पेन्सिल पुसते, कागद फाटतो, लाकडाची खूण लाकडातच करायची.

"या खुणा..." तो म्हणाला.

"तुझ्याच की," धाकटा म्हणाला. "पहिल्या दोन रांगा होईपर्यंत मी आर्किटेक्टचं मनावर घेतलं नव्हतं. मग तुला विचारलं. तू टिकतील म्हणालास, तेव्हा खुणा करणं थांबवलं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं.

"तेल तुला कधी दिसलं?"

"तंबू उघडला तेव्हा."

"मग बोलला का नाहीस तेव्हाच?"

"काय बोलू?" धाकट्यानं फळी त्याच्या हातातून घेतली. "दादानं सांगितलं म्हणून केलं? सेहेचाळीस वर्षांचा घोडा झालोय मी."

आणि तो फळी घेऊन खाली वाकला. हाडवैद्य तिथेच उभा राहिला. हेल्मेटचा पट्टा त्याला गळ्याशी टोचायला लागला. त्याला रडू आलं असं म्हणावं तर तसंही नाही. लाज वाटली, अगदी पोटातून, जिथे सात महिने दुखत होतं तिथेच.

मॅडम त्यांच्या नव्या खोलीत एका कृत्रिम हाताच्या बोटांत दोरे ओवत होत्या. हाडवैद्यानं पांढरं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं.

"स्टिकरं टिकणार नाहीत हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "खालून तेल मीच लावलंय, एकतीस वर्षं. त्यानं मला विचारलं होतं. मी टिकतील म्हणून सांगितलं."

मॅडमनी दोरा खाली ठेवला. "का?"

जिन्यावरून येताना त्यानं बरीच उत्तरं जुळवली होती. वय झालं, लक्षात राहिलं नाही, ऐकताना गफलत झाली. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"जळलो, मॅडम."

त्यांनी तो कृत्रिम हात जरा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "मी त्यांना तीनदा विचारलं होतं, कुणाला विचारून केलंत म्हणून. तीनही वेळा म्हणाले, स्वतःच्या डोक्यानं. तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही. समितीला हे सगळं लिहावं लागेल, काका."

"लिहा. ग्रंथालय त्याला द्या."

हेल्मेट त्या परत देतील असं त्याला क्षणभर वाटलं होतं. त्यांनी दिलं नाही. ते टेबलावर त्या प्लास्टिकच्या हाताशेजारी राहिलं.

जिना उतरताना मन हलकं व्हायला हवं होतं. थोडं झालंही. पण मधल्या वळणावर आला आणि पोटात पुन्हा ती ओळखीची कळ उठली. तीनदा विचारलं आणि तीनदा नाव घेतलं नाही! हा काय माणूस आहे! पटाशीत पुढे गेला, नावात पुढे गेला, आता मोठेपणातसुद्धा पुढे! धाकट्यानं थोरल्यासाठी काही ठेवावं की नाही? हाडवैद्य कठड्याला धरून उभा राहिला आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. खोड जायची नाही, हे त्याला कळलं.

दाराशी खिळ्याला ते पिवळं हेल्मेट अजून लटकत होतं. त्यानं ते डोक्यावर चढवलं आणि हॉलमध्ये गेला. दोन्ही रांगा जवळजवळ लागल्या होत्या. समोरच्या रांगेतली शेवटची फळी धाकट्यानं जागेवर टेकवली होती. दादाच्या डोक्यावरचं पिवळं हेल्मेट त्यानं बघितलं, पण कुठे गेला होतास असं विचारलं नाही. तंबूच्या उष्णतेनं लाकूड थोडं आक्रसलं, थोडं पिळलं होतं, आणि फळी एका कोपऱ्यात अडत होती.

"दादा, बसेल ना?" त्यानं विचारलं.

'बसेल की' हे शब्द आपोआप ओठांवर आले. हाडवैद्यानं ते गिळले. गुडघे कुरकुरत असतानाही तो खाली बसला, मग पाठीवर आडवा झाला आणि सुटीत शिरायचा तसा रांगेखाली शिरला. त्यानं खाचेत बोट घातलं, टोकापर्यंत फिरवलं, पुन्हा फिरवलं. धाकटा वर फळी धरून थांबला होता.

"नाही बसणार," खालून आवाज आला. "डावीकडचा कोपरा रंध्याखालून जरासा काढ. कागदाएवढाच. मग बसेल."